आंबवड्याची वाट आणि आबांची जीप

भोरकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांना आंबवडे ठाऊक असते. ज्यांची नाही त्यांनी एकदा तरी जाऊन यावे. पुण्याहून सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत यायचे, तिथे उजवीकडे वळून भोर गाठायचे आणि भोरहून रायरेश्वराच्या अंगाने आणखी दहाबारा किलोमीटर जायचे. वाटेत भाताची खाचरे लागतात. आम्ही गेलो ते वैशाखात. राब भाजून झाले होते, जमीन काळी पडली होती आणि झाडाचे पान हलत नव्हते.

आम्ही म्हणजे मी, आमचे दाजी आणि भाचा. वाहन दाजींचे, म्हणजे खरे तर त्यांच्या वडिलांचे. 1968 सालची महिंद्राची पेट्रोल जीप. महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. आबांनी ती हौसेने घेतली आणि गावाने ती हक्काने वापरली. नवरदेव तिच्यातून गेले, अडलेल्या बाया तिच्यातून दवाखान्यात पोहोचल्या. आबा गेले, जीप राहिली.

भाच्याचे म्हणणे, हे जुने धूड आता पोसवत नाही. लिटरला सात-आठ किलोमीटर. तो आयटीआय झालेला आहे, हातात कसब आहे. त्याने भंगारात निघालेल्या एका जिप्सीचे इंजिन हेरून ठेवले होते, इंधन फवारणीचे, ज्याला गॅरेजवाले एमपीएफआय म्हणतात. इसार तेवढा द्यायचा राहिला होता. आत्याला भेटायला आंबवड्याला जायचे आणि वाटेत निर्णय करायचा, असे ठरले.

निर्णयाला तोंड जीपनेच फोडले. भोर सोडले, चढ लागला आणि तिने दोन आचके दिले नि गप्प झाली. दाजी शांतपणे उतरले. बाटलीतले पाणी फडक्यावर ओतले आणि ते फडके इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर गुंडाळले. "दम खाऊ द्या तिला," म्हणाले.

हे ओल्या फडक्याचे औषध जुन्या ड्रायव्हरांना पाठ असते. त्यामागचे कारण भाच्याने सांगितले, ते मला पटले. जुन्या जीपमध्ये पंप इंजिनाला चिकटलेला असतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. ओढ लागली की नळीतला दाब कमी होतो, त्यात वरून ऊन आणि शेजारी तापलेले लोखंड. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ चघळत बसतो. नव्या पद्धतीत पंप टाकीच्या पोटात पेट्रोलात बुडालेला असतो. तो ओढत नाही, ढकलतो, तेही सुमारे तीन किलोच्या दाबाने. दाबाखाली वाफ सहजी धरत नाही.

पुढचे त्याने ठिबकावरून समजावले. कार्बोरेटर म्हणजे पाटाचे पाणी. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल येते. भोक एकदा ठरले की ठरले, ऊन असो वा थंडी. फवारणीत प्रत्येक नळकांड्यापाशी आपली तोटी. किती वेळ उघडायची ते एक छोटा संगणक ठरवतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे त्याला क्षणोक्षणी कळत असते.

आणि एक गोष्ट उसवाल्यांनी ऐकण्यासारखी. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलात शंभरात वीसपर्यंत मिसळते. उसाला गिऱ्हाईक मिळाले, चांगलेच झाले. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा त्याने फुगतो, चिरतो. शिवाय इथेनॉलवर चालताना इंधन थोडे जास्त लागते. फवारणीचे इंजिन ते ओळखून तोटी जास्त वेळ उघडते, कार्बोरेटरला ते कळायचे कसे?

इथवर ऐकून मी भाच्याच्या बाजूला झुकलो होतो. मग दाजी बोलले. "जिप्सीचं इंजिन ऐंशी घोड्यांचं, आपलं पंचाहत्तरच्या आसपास. पण आपलं बावीसशे सीसीचं, ते तेराशेचं. आपलं दोन हजार फेऱ्यांवर जो जोर लावतं, तो त्याला साडेचार हजारांवरही येत नाही. चिखलात भाताची पोती भरून निघालास तर क्लच जाळशील." भाचा गप्प बसला. हिशेब खरा होता. नवे इंजिन पळायला चांगले, आबांची जीप ओढायला केलेली. शिवाय नुसते इंजिन उचलून ठेवून भागत नाही. जुन्या गिअरपेटीला जोडायला मधली तबकडी कातून घ्यावी लागते, बैठका नव्या, तारांचे सगळे जाळे नवे, टाकीत पंप, मोठा रेडिएटर. तारेचा एक सांधा सैल झाला की संगणक बसला, आणि तिथे ओले फडके कामाचे नाही.

अर्ध्या तासाने जीप निघाली. आत्याकडे भाकरी खाऊन आम्ही नागेश्वराला गेलो. ओढ्यावर भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे. पावलागणिक हलतो, भाचा मुद्दाम जोरात चालला. पलीकडे गर्द सावलीत दगडी देऊळ. बाहेर अंग भाजत होते आणि तिथे खांद्यावर उपरणे घ्यावेसे वाटले. कारीच्या कान्होजी जेध्यांची आणि अफझलखानाच्या भेटीत 1659 साली सय्यद बंडाचा वार उतरवणाऱ्या जिवा महालांची समाधी आंबवड्यातच दाखवतात. ज्यांच्या नावावर राज्य उभे राहिले त्यांच्या समाध्या किती साध्या!

गावातले एक निवृत्त गृहस्थ देवळाच्या पायरीवर भेटले. आरटीओच्या कामातले जाणते. त्यांनी कागदाची बाजू सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची मंजुरी हवी. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल चालणार नाही. म्हणजे दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या जातीचे इंजिन घालून परवानगी मिळणे अवघड. परवानगीविना घातले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. याउलट 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, शुल्क वीस हजार रुपये. इंजिन किंवा सांगाडा बदलला की तो मान गेला.

"मग तीच नोंदणी करू," भाचा म्हणाला.

"कर. पण मग रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येणार नाही. प्रदर्शनाला नि मेळाव्याला न्यायची."

दाजी हसले. शोभेला ठेवलेली जीप आबांना रुचली नसती, हे सगळ्यांनाच माहीत होते.

परतताना भोरच्या बाजारात थांबलो. भाच्याने इथेनॉलला टिकणारी नळी चार हात घेतली, पंपाचा नवा पडदा घेतला, आणि टाकीजवळ बसवायचा विजेवरचा कमी दाबाचा पंप किती बसेल याची चौकशी केली. कार्बोरेटरला तो चालतो, पेट्रोल मागून ढकलतो आणि इंजिनाला हात लावावा लागत नाही. इसाराचे पैसे दाजींच्या खिशातच राहिले. जिप्सीवाल्याला नाही म्हणून कळवायचे काम मात्र त्यांनी भाच्यावर टाकले. तो कापूरहोळ येईपर्यंत फोन हातात धरून बसला होता.