जुन्या चित्रनळीचें आयुष्य

आमचें माण गांव आज परक्यास सांगावयाचें झालें तर ‘हिंजवडीच्या पलीकडचें’ असें सांगावें लागतें. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्यानाचा तिसरा टप्पा आमच्या शिवारांत येऊन बसला, शेतांच्या जागीं कांचेच्या इमारती उठल्या, आणि त्या इमारतींतून टाकाऊ ठरलेले संगणकाचे पडदे टेंपो भरभरून बाहेर पडूं लागले. अशा ठिकाणीं एखाद्या कुटुंबानें अर्धशतक जुने दोन काळेपांढरे मॉनिटर दुरुस्त करीत बसावें, ह्याचें शेजाऱ्यांस नवल वाटलें तर त्यांत त्यांचा दोष नाहीं.

मॉनिटर म्हणजे घरचा टीव्ही नव्हे, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. त्यास अँटेना लागत नाहीं, केंद्र लावण्याची चकती नाहीं, बहुतेकांस आवाजहि नाहीं. स्टुडिओंतील कॅमेऱ्याचें चित्र तारेनें सरळ त्याच्यांत येतें, आणि नियंत्रणकक्षांत बसलेला अभियंता तें पाहून कोणत्या कॅमेऱ्यास उजेड कमी पडतो, कोणाचें चित्र अस्पष्ट आहे, हें ठरवितो. टीव्हीनें चित्र गोड करून दाखविलें तरी चालेल. मॉनिटरनें तें असेल तसें दाखवावें. दिल्लीस दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाली, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. पुढें १९७३ सालीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें मुंबईचें चित्र पुणेंकरांस घरबसल्या दिसूं लागलें. हा सारा कारभार काळापांढरा होता. १९८२ त रंग आला, तरी नियंत्रणकक्षांतील काळेपांढरे मॉनिटर लागलींच गेले नाहींत. रंगीत नळीच्या पडद्यामागें बारीक छिद्रांची जाळी असते. काळ्यापांढरीस ती नसते, म्हणून तिची रेघ अधिक रेखीव. शिवाय किंमतहि बेताची!

आमचे काका ह्याच क्षेत्रांत अभियंता होते. निवृत्तीनंतर एका संस्थेच्या लिलावांत त्यांनीं हे दोन नऊ इंची मॉनिटर वजनाच्या भावानें घेतले, आणि पुढें वीस वर्षें ते आमच्या माळ्यावर पडून राहिले. गेल्या वर्षीं काकांची दृष्टि अधू होऊं लागली. डॉक्टरांनीं नेत्रपटलाचा विकार सांगितला. पाहण्याचा मधला भाग हळूहळू मंद होत जाणार, एवढें निश्चित. त्या आठवड्यांतच काकांनीं माळ्याकडे बोट दाखवून म्हटलें, “ते दोघे खालीं काढा.”

कामाचे पहिले धडे भीतीचे होते. नऊ इंची नळीलाहि सुमारें दहा-बारा हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि नळीच्या कांचेस आंतूनबाहेरून जो काळा लेप असतो त्यामुळें ती स्वतःच विजेचा सांठा करून ठेवते; बटण बंद केल्यावरहि तो कांहीं काळ राहतो. जमिनीशीं जोडलेल्या तारेनें तो सांठा उतरविल्यावांचून आंत हात घालावयाचा नाहीं, आणि घातला तर एकच हात, दुसरा खिशांत, असा काकांचा दंडक. वहिनींनीं त्याच्यापुढें एक पाऊल टाकलें. मागचें झांकण निघालें कीं मॉनिटर सोंवळ्यांत, अशी आज्ञा त्यांनीं काढली, आणि खोलीचा कडी-कोयंडा स्वतःच्या ताब्यांत घेतला. घरांत रांगतें मूल असतां ह्याहून शहाणपणाची आज्ञा कोणती असूं शकेल?

इतक्या वर्षांत बिघडतात ते मुख्यतः कंडेन्सर. त्यांतील ओलसर द्रव्य सुकून जातें, आणि मग चित्र डुलतें, आखडतें, कडेला वांकतें. बुधवार पेठेंत त्या मापाचे नवे कंडेन्सर मिळाले. जुने एकेक काढून, डाख स्वच्छ करून, नवे बसविले. नंतर एकदम पूर्ण वीज न देतां डिमरस्टॅटनें ती पायरीपायरीनें वाढविली. नळीच्या मानेंत तांबूस ठिणगी दिसली, आणि थोड्या वेळानें मुलें कानांवर हात ठेवून ओरडलीं कीं, बारीक शीळ ऐकूं येते! चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदास २५ चित्रें, म्हणजे सेकंदास १५,६२५ वेळां होणाऱ्या कंपनाची ती शीळ. मुलांस ती टोंचते. आम्हां चाळिशी उलटलेल्यांस तिचा पत्ताहि लागत नाहीं.

खरा वाद पुढें झाला. दादांचें म्हणणें असें कीं, पेटी ठेवावी, नळी काढावी आणि आंत चपटा नवा पडदा बसवावा. धोका संपला, चित्रहि रंगीत. पुष्कळ लोक असेंच करतात. आम्हांस मात्र तें जुन्या वाड्याचा दरवाजा राखून मागें सिमेंटची चाळ उभारण्यासारखें वाटतें. जुळवून घ्यावयाचें तें पेटीच्या बाहेर घ्यावें. मॉनिटरला लागतो तो अवघ्या एका व्होल्टचा संकेत: ०.७ व्होल्ट चित्राचे, ०.३ व्होल्ट रेघा वेळेवर सुरू करणाऱ्या इशाऱ्यांचे. संगणकाचें चित्र ह्या जुन्या धाटणीत उतरविणारी लहानशी डबी बाजारांत मिळते. तिच्यांतून रंगाचा संकेतहि येतो, व तो काळ्यापांढऱ्या पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटवितो. म्हणून रंग संगणकांतच शून्यावर आणावा लागतो. रुंद चित्राच्या वरखालीं काळे पट्टे राहतात, ते राहूं द्यावे. दोन मॉनिटर एका तारेवर ओंवले तर ७५ ओहमचा शेवट फक्त अखेरच्या मॉनिटरवर द्यावा. दोहोंवर दिल्यास चित्र फिकें होतें. दादांनीं हें सर्व ऐकून घेतलें, आणि डबीचे पैसे मात्र त्यांनींच दिले.

एक प्रश्न उरतो तो चित्रनळीचा. कंडेन्सर नवा मिळतो, नळी मिळत नाहीं. तिच्या मानेंतील जो लेप इलेक्ट्रॉन सोडतो, तो दर तासाला झिजतो. कांहीं दुरुस्तीवाले अशा नळीस अधिक ऊष्णता देऊन पुन्हां तरतरी आणतात. थकलेल्या बैलास पराणी टोंचून चालविण्याचाच तो प्रकार, म्हणून काकांनीं तो नाकारला. मग नळी जपून अंधारांत ठेवावी, कीं वापरून संपवावी? आम्हीं आठवड्यास एक तास, रविवारीं सायंकाळीं, असें ठरविलें.

त्या तासाचा आरंभ एका करड्या जिन्यानें होतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांचा पट्टा पडद्यावर आणावयाचा, आणि प्रत्येक पायरी शेजारणीहून वेगळी दिसेपर्यंत उजेडाची खुंटी फिरवावयाची. काकांनीं आयुष्यभर हें काम डोळ्यांनीं केलें. आतां त्यांस पडद्याच्या मध्यभागीं धुकें दिसतें. म्हणून खुंटीवर हात त्यांचा, आणि डोळे दादांच्या दहा वर्षांच्या मुलीचे.

“खालून दुसरी पायरी पहिलींत बुडाली का, एवढेंच सांग.”

“बुडाली नाहीं आजोबा, पण बुडेल.”

“मग केंसभर मागें घेतों. आतां?”

“आतां वेगळी आहे.”

पहिल्या रविवारीं ती पांचच पायऱ्या मोजीत असे. आतां तिला दहाहि दिसतात, आणि शाळेच्या मोठ्या पडद्यावर “काळें बुडालें आहे” असें तिनें तेथील बाईंना सांगितल्याचें आमच्या कानीं आलें आहे. जिना झाल्यावर जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली आमची आजी पडद्यावर येते. मूळ चित्रांत तिचें लुगडें जांभळें आहे. मॉनिटरवर तें करडें दिसतें, पण पदराची एकेक निरी मोजतां येते. काका खुर्ची तिरकी करून, नजरेच्या कडेनें पाहतात.

दुसऱ्या मॉनिटरची नळी अद्याप आम्हीं पेटविलेली नाहीं. पहिलीचा उजेड उतरला म्हणजे तिच्याकडे वळूं, असें काकांचें म्हणणें. मुलीचें म्हणणें असें कीं, आजोबांना कडेनें कां होईना दिसत आहे तोंवरच तो मॉनिटर लावावा. ह्यावर घरांत दोन तट पडले आहेत. वहिनी मुलीच्या बाजूस आहेत. दिवाळीच्या सुटींत कंडेन्सर आणावयास बुधवार पेठेंत जाण्याचें, तूर्त, ठरलें आहे.