भोकरच्या काट्यावर

नांदेडहून निघालेली गाडी मुदखेडला वळते आणि आदिलाबादच्या मार्गावर थोड्याच वेळात भोकर येते. नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही सहकुटुंब तेथे उतरलो. भोकर हे तालुक्याचे गाव. कल्याणहून नगर, परभणी, नांदेड करीत आलेला हमरस्ता येथून पुढे भैंसा-निर्मळकडे तेलंगणात जातो. त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगूही कानावर पडते.

लग्न थाटात झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाय मोकळे करायला निघालो. मंडपामागे पत्रावळ्या, उष्टे अन्न आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या यांचा खच पडला होता. त्यात एक वयस्कर मावशी आणि तिची तेरा वर्षांची नात वाकून बाटल्या वेचीत होत्या. पाठीवर पोते, पायात झिजलेल्या चपला. आम्ही जयभीम घातला, मावशीने जयभीम घेतला. नातीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली.

"काय झालं गं?"

"काच लागली."

आमच्या पोटात धस्स झाले. रात्री आमच्या हातून सरबताचा ग्लास फुटला होता. त्याचे तुकडे आम्हीच पत्रावळीत गुंडाळून त्या ढिगात टाकले होते. जखम धुऊन औषध लावून दिले, पण अपराध आमचाच, हे सांगायला जीभ रेटेना.

"मावशी, लेकरू शाळेत जातं का?"

"आठवीला हाय. सकाळचं माझ्यासंगं येती, मग शाळंत जाती. तिचं नाव पेपरात देऊ नका, पोरी चिडवत्यात."

त्यांच्यासोबत आम्ही भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत गेलो. पुठ्ठा वेगळा, बाटल्या वेगळ्या, लोखंड वेगळे, जर्मनची भांडी वेगळी. ओल्या पुठ्ठ्याचे वजन कापले जाते, खरकट्याने माखलेली पन्नी कोणी घेत नाही. आपण घरात सुके आणि ओले एकत्र टाकतो, तेव्हा या मावशीचा भावच आपण पाडतो, हे आम्हाला त्या काट्यावर उमगले.

वाचकहो, ही एकट्या भोकरची गोष्ट नाही. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कितीतरी दलित कुटुंबे पुण्याला गेली आणि त्यांतल्या अनेक भगिनींच्या वाट्याला कचराकुंडी आली. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे संघटनेच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. त्याआधी चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या बायांच्या हाती कामगार असल्याचा पुरावा आला. एक कचरावेचक महिन्याला सरासरी २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देते, असा हिशेब २००१च्या एका अभ्यासाने मांडला. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. कुंडी धुंडाळणाऱ्या बाया घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागल्या आणि त्यासाठी घरटी शुल्क मिळू लागले. दूर कोलंबिया देशातील बोगोटा शहराने तर न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ पासून भंगार वेचणाऱ्यांना त्यांच्या सेवेचा मोबदला देण्यास सुरुवात केली.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे सांगितले. मग कचऱ्याच्या कामात प्रतिष्ठा मागायची की ते काम सोडायचे? आम्हाला वाटते, दोन्ही. आज जी माय या कामावर चूल पेटवते, तिला योग्य दाम, हातमोजे आणि ओळखपत्र मिळालेच पाहिजे. आणि तिच्या लेकराला हे काम वारशाने मिळता कामा नये. जातीने लादलेले काम आणि हक्काने केलेले काम यांत फरक आहे. तो फरक शाळेच्या बाकावरच पडतो.

त्यासाठी मार्ग आहेत. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. तीत कचरावेचकांची मुलेही बसतात. कचरावेचकांना नोंदवून घनकचऱ्याच्या व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे २०१६च्या नियमांनी नगर परिषदांनाही सांगितले. गावोगावच्या आपल्या शिकलेल्या तरुणांनी दोन अर्ज भरून दिले, तरी एखाद्या घराचे दिवस पालटतील.

आमच्या यजमानांनी मावशीच्या नातीचा अर्ज शाळेतून भरून घेण्याचे कबूल केले आहे. निघण्यापूर्वी आम्ही मंडपामागच्या बाटल्या वेगळ्या पोत्यात भरल्या. उरलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत 'काच' लिहिले. मग पोते मावशीच्या दारात नेऊन ठेवले आणि रात्रीच्या ग्लासाची गोष्ट तिला सांगितली. ती एवढेच म्हणाली, "आता ध्यानात ठिवा म्हंजी झालं."

भगिनींनो, आपल्या घरापासून एवढे तरी सुरू करू या.