जमिनीला धरून

लढाऊ विमानाचं सिम्युलेटर घेतलं की पहिल्याच संध्याकाळी माणूस हवेत असतो. थ्रॉटल पुढे, स्टिक मागे, की झालं. हेलिकॉप्टरचं तसं नाही. सुरुवातीच्या कित्येक संध्याकाळी मशीन तीन फूट उचलायचं आणि कुशीवर पाडायचं, एवढाच कार्यक्रम असतो. मी 'डीसीएस वर्ल्ड' नावाच्या सिम्युलेटरमध्ये एमआय-२४पी उडवतो. सोव्हिएत बनावटीचं, पोटाला चिलखत असलेलं, नाटोने 'हिंद' म्हणून नोंदवलेलं हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर २०२१ साली या सिम्युलेटरमध्ये आलं. घरात त्याला गेम म्हणतात आणि मी वाद घालत नाही. फक्त या गेमबरोबर शेकडो पानांचं मॅन्युअल येतं, आणि कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण खरोखर दाबता येतं. इंजिनं सुरू करायलाच काही मिनिटं जातात.

डाव्या हाताला कलेक्टिव्ह, उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे स्टिक, पायाखाली पेडल. कलेक्टिव्ह वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि मशीन वर उठतं. पण त्याच क्षणी रोटरला जास्त ताकद लागते, आणि रोटर एका बाजूला फिरतो म्हणून धड दुसऱ्या बाजूला वळू पाहतं. एमआय-२४चा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे नाक डावीकडे पळतं. ते रोखायला उजवा पाय. उजव्या पायाने शेपटीच्या पंख्याचा जोर वाढला की सगळं धड हळूच बाजूला सरकायला लागतं, म्हणून सायक्लिक. सायक्लिक कलवला की उचल थोडी घटते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. एकाला हात लावला की बाकीचे दोघे जागे होतात.

नवशिक्याचं मशीन पडतं ते हात कमी पडल्यामुळे नाही, हात जास्त चालल्यामुळे. काठोकाठ भरलेली परात दोन्ही हातांवर घेऊन चालताना पाणी डचमळलं, म्हणून परात उलट कलवली की उरलंसुरलं पाणीही सांडतं. हॉव्हरचं, म्हणजे हवेत एका जागी तरंगण्याचं, तेच आहे. धक्का द्यायचा, लगेच मागे घ्यायचा आणि वाट बघायची. मशीन उत्तर द्यायला क्षणभर घेतं. तो क्षण सोसायची सवय झाली की हॉव्हर जमायला लागतो.

बाजारात मिळणाऱ्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते आणि ती हात सोडला की स्टिक मध्यावर आणते. हेलिकॉप्टरमध्ये मध्य असा नसतोच. वेग, वजन, वारा बदलला की तोल सांभाळणारी जागा बदलते. खऱ्या मशीनमध्ये ट्रिमरचं बटण दाबून स्टिक हवी तिथे टेकवता येते. मी शेवटी स्प्रिंग काढून टाकली आणि नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून कलेक्टिव्हचा दांडा करून घेतला. लोखंडी पाईप, दोन बेअरिंगं, घर्षणासाठी फायबरची चकती आणि आत चुंबकाचा सेन्सर. "हे कशाला लागतं?" असं मालकाने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्याने पैसे थोडे जास्त लावले असावेत.

आमच्या सोसायटीत सैन्याच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका राहतात. हयात चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेलेली. नाशिकच्या गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे या भागात वाढलेल्या माणसाला चीताचा आवाज नवा नाही. शाळेत असताना आम्ही मान वर करायचंही सोडून दिलं होतं. काका एकदा माझ्यामागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मी कलेक्टिव्ह उचलला, आणि नाक वळायच्या आधीच ते म्हणाले, "उजवा पाय." चीताचा रोटरही त्याच बाजूला फिरतो.

मग ते स्वतः बसले. मशीन लगेच डोलायला लागलं आणि त्यांचा चेहरा चिडका झाला.

"पडद्यावर सगळं बरोबर आहे रे. पण बुडाला काही कळत नाही."

हे मला कुठल्याही मॅन्युअलने सांगितलं नव्हतं. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये मशीन सरकायला लागलं की आधी खुर्चीतून कळतं, मग डोळ्यांना. सिम्युलेटरमध्ये खुर्ची मुकी असते. जे काम पाठ, मांड्या, कान मिळून करतात ते एकट्या डोळ्यांनी करायचं. काकांनी जाताना तोडगाही सांगितला: "काचेजवळच्या गवताकडे बघू नकोस. लांबचं एखादं झाड धर." पडद्यावरचं लांबचं झाड म्हणजे चार पिक्सेलचा ठिपका, पण त्या ठिपक्यावर नजर ठेवून माझा हॉव्हर निम्म्याने सुधारला. बाकीचं काम डोक्याला लावलेल्या सेन्सरने केलं. मान वळली की कॉकपिटमधली नजर वळते. तो नसेल तर हेलिकॉप्टर उडवूच नये असं माझं मत आहे.

उतरताना आणखी एक सापळा असतो. पुढचा वेग जवळजवळ संपलेला असताना सरळ खाली झपाट्याने उतरलं, की रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो. मशीन थरथरतं आणि दगड होतं. अशा वेळी हात आपोआप कलेक्टिव्ह वर ओढतो आणि तेवढ्याने भोवरा आणखी बळावतो. नेहमीची सुटका अशी: नाक खाली घालून पुढे पळायचं, म्हणजे ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याकडेच तोंड करायचं. हे वाचून पटतं. हाताला पटायला फार वेळ लागतो.

एवढं झाल्यावर शस्त्रं. खरं सांगायचं तर तो सगळ्यात सोपा भाग आहे. एमआय-२४पीच्या उजव्या कुशीला तीस मिलिमीटरची दुनळी तोफ पक्की बसवलेली असते, अडीचशे गोळ्यांसह. ती हलत नाही, म्हणून नेम धरायचा तर सगळं हेलिकॉप्टरच रोखावं लागतं. आखूड पंखांखाली ऐंशी मिलिमीटरची रॉकेटं आणि टोकांना रणगाडाभेदी श्तुर्म क्षेपणास्त्रं. सगळं भरून, टाकी भरून, उकाड्याच्या दिवशी निघालं तर हे मशीन एका जागी तरंगायला कुरकुरतं. धावपट्टीवर विमानासारखं पळवून उचलावं लागतं. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आसपास अंगभर थरथर होते, मग रोटरला ताजी हवा मिळते आणि मशीन एकदम हलकं होतं. वेग वाढला की त्या आखूड पंखांनाही उचल मिळते.

आम्ही उडतो ते बहुधा जॉर्जियाच्या नकाशावर, कारण तो फुकट मिळतो. बातुमी, कोबुलेती, कुताइसी. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसची भिंत आणि मधल्या नद्यांची खोरी. ही खोरी मला आता तोंडपाठ आहेत, कारण जीव तिथेच वाचतो. समोर शिल्का असते: रडारवर चालणारी चार नळ्यांची विमानवेधी तोफ. तिचा पल्ला साधारण अडीच किलोमीटर. श्तुर्मचा पाच. मधल्या अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात आपलं सगळं आयुष्य. तिथे नेमकं पोचायचं, झाडांच्या उंचीवरून वर उसळायचं, लक्ष्य शोधायचं, सोडायचं, आणि क्षेपणास्त्र लागेपर्यंत दहा-बारा सेकंद साईटमध्ये लक्ष्य धरून ठेवायचं. तेवढा वेळ वैमानिकाने नाक फार वळवायचं नाही. म्हणजे लपायचं सोडून शत्रूकडे तोंड करून उडत राहायचं.

साईट बघण्याचं काम पुढच्या सीटवरचा करतो. कोणी नसेल तर 'पेत्रोविच' नावाचा संगणकी सहकारी असतो. सांगितलेलं ऐकतो, कुरकुर करत नाही. शनिवारी मात्र पुढे माझा मावसभाऊ असतो, पिंपरीतल्या त्याच्या घरातून. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे कप्तान मी असलो तरी हुकूम त्याचाच चालतो.

"नाक हलवू नकोस."

"दादा, डावीकडून धूर येतोय."

"येऊ दे. अजून पाच सेकंद."

"दिसतंय का तुला काही?"

"थांब, बेल वाजली."

त्या पाच सेकंदांत तो दार उघडायला गेला. क्षेपणास्त्र एका शेतात पडलं. पेत्रोविचच्या दारावर कोणी येत नाही, ही त्याची जमेची बाजू.

शिल्काचं रडार आपल्यावर आलं तर कॉकपिटमध्ये इशारा मिळतो. खांद्यावरून सोडलेलं, इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारं इग्ला मात्र गुपचूप येतं. त्यासाठी या मशीनमध्ये कसलाही दिवा नाही. डोळ्यांना धुराची रेघ दिसली तर दिसली. म्हणून धोक्याच्या भागात शिरण्याआधीच फ्लेअर, म्हणजे अशा क्षेपणास्त्राला चकवणारी जळती आमिषं, सोडायला सुरुवात करायची, आणि मारा करून वळताना कधीही, कितीही मोह झाला तरी, लक्ष्याच्या डोक्यावरून जायचं नाही. हल्ल्याचं हेलिकॉप्टर सिनेमात दिसतं तसं आकाशात मिरवत नाही. वेळ जातो तो टेकडीआड, नकाशा बघण्यात, वारा कुठून आहे ते पाहण्यात, आणि धूळ कुठे उडतेय याचा अंदाज घेण्यात.

याच काळात मी कारगिलबद्दल पुन्हा वाचलं. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ रॉकेटांचा मारा करायला गेलेलं वायुसेनेचं एमआय-१७ खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं आणि आतले चारही जण गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअरची यंत्रणा नव्हती. त्यानंतर एमआय-१७ला त्या युद्धात अशा हल्ल्यांतून मागे घेण्यात आलं. ही बातमी तेव्हाही वाचली होती, पण तेव्हा ती एक बातमी होती. सिम्युलेटरमध्ये त्याच घराण्यातलं एमआय-८ आहे. ते मी रॉकेटं लावून कॉकेशसच्या मुख्य रांगेत साडेचार हजार मीटरवर नेलं. विरळ हवेत कलेक्टिव्ह जवळजवळ वरच्या टोकाला टेकतो आणि हाताशी काही शिल्लक राहत नाही. वळलं की उंची जाते. उंची धरली की वेग जातो. समोरची धार आपल्यापेक्षा वर, म्हणजे तिथे बसलेला माणूस आपल्याकडे वरून बघणार. आणि ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, रॉकेटं सुटेपर्यंत सरळ जायचं. मला पॉजचं बटण होतं. ते मी दाबलं आणि पुढे उडवलं नाही.

हेलिकॉप्टर नवं आणि महागडं असलं तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. मार्च २००३ मध्ये इराकमधल्या करबलाजवळ तीसएक अमेरिकी अपाचे रात्री हल्ल्याला गेली. खालून बंदुकांचा आणि विमानवेधी तोफांचा एवढा मारा झाला की जवळजवळ सगळी छिद्रं घेऊन परतली. एक खाली आलं आणि त्यातले दोघे पकडले गेले.

दादाला तेच अपाचे हवंय. ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोटला ते वायुसेनेत दाखल झालं त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात ते आहे. डीसीएसमध्ये २०२२ साली त्याची 'डी' आवृत्ती आली. आमच्या एमआय-२४च्या वंशातलीच एमआय-२५ आणि एमआय-३५ वायुसेनेने कितीतरी वर्षं उडवली, त्यांतली एमआय-२५ श्रीलंकेत शांतिसेनेबरोबरही नेली, हे मी त्याला सांगून पाहिलं. "म्हातारी झाली ती," असं म्हणून त्याने विषय संपवला.

अपाचेच्या वैमानिकाच्या उजव्या डोळ्यापुढे छोटी काच येते, तिच्यात वेग-उंची दिसते, आणि मान वळेल तिकडे नाकाखालची तोफ वळते. उष्णतेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात रात्रही दिवसासारखी. आणि त्या कॅमेऱ्यात माणसं दिसतात, पांढरी, पळणारी. एमआय-२४मधून मला धूळ दिसते, ट्रकचा ठिपका दिसतो, फार तर जाळ. ती माणसं खोटी आहेत हे मला पक्कं माहीत आहे, तरी दादाने पाठवलेला तो व्हिडिओ मी पुरा बघितला नाही. त्याला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला की पुढच्या सीटवरून कॅमेरा तोच बघेल, मी मागे बसून नुसतं उडवायचं.

सेलमध्ये त्याने ते घेऊनही टाकलंय. या शनिवारी बातुमीहून निघायचं ठरलंय. माझी अडचण वेगळीच आहे: अपाचेचा रोटर उलट्या दिशेने फिरतो. कलेक्टिव्ह उचलला की आता डावा पाय द्यायचा, आणि माझा उजवा पाय अजून ऐकत नाही.