उणे की अधिक?

तर मंडळी, स्टेट कॉलेजात पुन्हा बर्फ पडलाय. निटनी डोंगर पांढरा झालाय आणि आईचा नेहमीचा फोन येऊन गेला. "किती आहे रे तिकडे?" मी म्हटलं, "पाच." तिचा लगेच पुढचा प्रश्न, "उणे की अधिक?"

हा प्रश्न मी 2006 साली स्वतःला विचारला असता तर बरं झालं असतं.

अमेरिकेला निघण्यापूर्वी कराडला आजोबांना बोलतं करून एक कॅसेट भरली होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांनी काय पाहिलं, ते सांगितलं होतं. चाळीसेक मिनिटांचं ते बोलणं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि हार्ड डिस्क बॅगेत घालून इथे आणली. कॅसेटला पुढे बुरशी लागली. आजोबाही गेले. उरली ती डिस्क, आणि तीही एका हिवाळ्यात कुरकुरायला लागली.

अशा कामासाठी तयार अवजारं तेव्हाही होती. पण मी पडलो इंजिनियर! 'सी'मध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. 'रीड'ने वाचायचं, 'राईट'ने नव्या डिस्कवर लिहायचं, आणि शून्यापेक्षा जास्त बाइट मिळताहेत तोवर चालू ठेवायचं. लावून दिला आणि झोपलो.

आता गंमत बघा. लिनक्सचं 'रीड' तीन तऱ्हेची उत्तरं देतं. वाचलं असेल तर किती बाइट ते, फाइल संपली तर शून्य, आणि वाचता आलं नाही तर उणे एक. म्हणून त्याच्या उत्तराचा प्रकार 'एस-साइझ-टी' असतो. त्यातला पहिला 'एस' म्हणजे साइन्ड, उणे चिन्ह सांभाळणारा. मी ते उत्तर ठेवलं 'साइझ-टी'मध्ये, ज्याला उणे म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. स्कूटरचा किलोमीटरचा आकडा शून्यावरून एक घर मागे फिरवला तर 99999 दिसेल ना, तसंच. माझ्या 32 बिटांच्या मशीनवर उणे एकचे झाले 429 कोटी 49 लाख 67 हजार 295.

म्हणजे 'जमलं नाही' हा निरोप मला 'भरपूर मिळालं' असा पोचला. आकडा शून्यापेक्षा मोठा, तेव्हा चालू दे! एवढे बाइट लिहायला 'राईट'ने अर्थातच नकार दिला, पण त्याचं उत्तर मी तपासलंच नव्हतं. वाचन फसलं की फाइलमधली जागा पुढे सरकत नाही. त्यामुळे डिस्क रात्रभर त्याच दुखऱ्या जागी डोकं आपटत राहिली. सकाळी कटकट आवाज येत होता. दुपारी तोही थांबला.

नव्या डिस्कवर सव्वीस मिनिटं आली होती. आजोबा घराबाहेर पळतात तिथवर.

कंपायलरने काहीच कसं सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणाल. जीसीसीला '-वॉल' म्हणजे 'सगळे इशारे दे' असं सांगितलं होतं. पण ते 'सगळे' नावापुरतेच. अशा ठिकाणी चिन्ह बदलल्याचा इशारा आजही वेगळा मागावा लागतो.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. फंक्शन ज्या प्रकाराचं उत्तर देतं त्याच प्रकारात ते ठेवायचं. 'रीड', 'राईट'साठी 'एस-साइझ-टी', 'फोर्क'साठी 'पिड-टी', 'एलसीक'साठी 'ऑफ-टी'. आणि 'गेटचार' अक्षर देत असलं तरी त्याचं उत्तर 'इंट'मध्ये, कारण 'संपलं' ही खूण अक्षरांपेक्षा वेगळी राहायला हवी. 'चार'मध्ये ठेवलं तर इंटेलवर चाललेला प्रोग्रॅम एखाद्या एआरएम मशीनवर कधी थांबणारच नाही, कारण तिथे 'चार' बहुधा उणे जाणत नाही.

पण नुसता प्रकार बदलूनही भागत नाही. माझा प्रोग्रॅम मग थांबला असता, पण फाइल संपली म्हणून की वाचता आलं नाही म्हणून, ते मला कळलंच नसतं. योग्य प्रकार उणे चिन्ह जपतो. विचारायचं काम आपलंच.

असो. आईला म्हटलं, "उणे." ती म्हणाली, "मग कानटोपी घाल."