हे पीक कुठल्या रानात येतं?

एका दाण्याचे शंभर दाणे होताना आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणूनच की काय, पैसा दामदुप्पट होतो असं कुणी सांगितलं तर आपल्याला ते खोटं वाटत नाही. पण दाण्यामागं नांगरट असते, पाऊस असतो, रात्रीच्या पाळीचं पाणी असतं. पैशामागं काय आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

बिटकॉइन हे नाव आता खेड्यापाड्यांत पोचलं आहे. २००९ साली निघालेलं हे चलन फक्त संगणकावर असतं. त्याला सरकारची हमी नाही आणि भाव कांद्याहूनही लहरी. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर घेतला म्हणजे सरकारनं हमी दिली, असं नव्हे.

या नावावर झालेली लूट पाहा. ‘गेनबिटकॉइन’ योजनेनं १८ महिने दरमहा १० टक्के देण्याचं कबूल केलं. म्हणजे वर्षाला १२० टक्के! पुढं बिटकॉइनऐवजी स्वतःचंच कमी किमतीचं नाणं लोकांच्या गळ्यात मारलं. २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला पकडलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला आणि २०२५ सालीही छापे चालूच होते. पैसा जायला एक दिवस लागतो, न्यायाला किती वर्षं लागतात ते बघा.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी सोयाबीनची पट्टी आली, त्याच आठवड्यात नात्यातला एक जण मोबाइलवर वाढते आकडे दाखवू लागला. काकूंनी एवढंच विचारलं, “बाबा, हे पीक येतं कुठल्या रानात?” त्याला उत्तर देता आलं नाही. पैसे घरातच राहिले.

उत्तर असतं कुठून? अशा योजनेत बहुधा नव्या माणसाचे पैसे जुन्याला वाटले जातात. नवी माणसं आटली की विहीर कोरडी. माणूस आणणाऱ्याला दलाली मिळते, म्हणून हे आमिष परक्याकडून नव्हे, सोयऱ्याकडून येतं. सुरुवातीला हजार-दोन हजार परतही देतात. तो विश्वासाचा चारा समजा. मोबाइलवरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे. काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ म्हणाले, तर तिथंच थांबा.

तरीही कुणी फसलाच, तर त्याच घडीला १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम अडवता येते. ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी द्या’ म्हणणाराही चोरच असतो.

आणि एक विनंती. फसलेल्याला घरात टोचून बोलू नका. लाजेपायी तो गप्प बसला, की चोराला पुढचं घर मोकळं मिळतं.