पाच गजगे

वर्गात जप्त केलेल्या वस्तूंचा एक डबा माझ्या टेबलाच्या खणात असतो. भोवरा, गोट्या, रबरी चेंडू असे काहीबाही त्यात साठत जाते. मागच्या हिवाळ्यात त्यात पाच गजगे आले. मराठी पुस्तकांत ज्यांना सागरगोटे म्हणतात, त्यांना आमच्या जत भागात गजगे म्हणतात. गणिताच्या तासाला सहावीतल्या एका मुलीचा हात बाकाखाली हलताना दिसला. मी गजगे काढून घेतले, तिला उभे केले आणि ओरडले, ‘‘ये क्या खेलने का वक्त है?’’ ती रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली. वर्ग एकदम गप्प झाला. त्या शांततेचे मला थोडे समाधानही वाटले, हे आज कबूल करते.

त्या दिवसांत मला कशालाच वेळ नव्हता. शिकवणे सोडून बाकी सगळे चालले होते. ऑनलाइन माहिती भरायची, आधार क्रमांक जुळवायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचा, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरायचे. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. बी.एड. होऊन, इतकी वर्षे शिकवून, मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. रात्री भांडी आवरून पुस्तक उघडायचे. त्या परीक्षेत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला तीस गुण आहेत. एका रात्री मी ‘बालकाच्या विकासात खेळाचे महत्त्व’ पाठ करत होते, तेव्हा माझा सहा वर्षांचा मुलगा कागदाची होडी घेऊन आला. ‘‘अम्मी, देखो ना.’’ मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, ‘‘बाद में.’’ असे ‘बाद में’ बरेच झाले असणार. कारण पुढे त्याने काही दाखवायला आणणेच सोडून दिले. ते माझ्या लक्षात यायलाही आठ-दहा दिवस लागले.

सकाळी उठावेसे वाटेना. डॉक्टरांनी रक्त तपासले, दोष काही निघाला नाही. या थकव्याला आता ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. अंगातले बळ सरणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातून काम नीट न होणे, ही तिची तीन लक्षणे. तिन्ही माझ्यात होती. राजीनाम्याचा अर्ज मनातल्या मनात कितीदा लिहिला, त्याची गणती नाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर माहिती भरत बसले होते. सर्व्हर बंद पडला. पेन शोधायला खण उघडला, तर डब्यातले गजगे दिसले. उगाच हातात घेतले. करडे, गुळगुळीत, कडक. एक वर उडवला आणि तो खाली यायच्या आत दुसरा उचलला. बोटांना सगळे आठवत होते! आधी एक एक, मग दोन दोन, मग तीन आणि मग चारही एकदम. चारला हात चुकला आणि मी एकटीच हसले.

हा खेळ मला नानीने शिकवला, तोही पाण्याच्या रांगेत. आमचे गाव तालुक्याच्या पूर्वेला, उमदीच्या बाजूला. घरात दखनी, शेजारी कानडी आणि बाजारात मराठी. २००३ सालच्या दुष्काळात मी सातवीत होते. टँकर कधी येईल याचा नेम नसे. घागरींची रांग लावायची आणि उन्हात बसून राहायचे. मोठी माणसे रस्त्याकडे डोळे लावून बसत, चिडत, भांडत. नानी मात्र आम्हा मुलींना घेऊन लिंबाच्या सावलीत गजगे मांडायची. कुणी टोकले तर म्हणायची, ‘‘पानी आयेगा तब आयेगा. तब तक क्या मूं लटका के बैठना?’’ टँकरचा आवाज आला की गजगे ओट्यात टाकून आम्ही घागरींकडे धावायचो.

लहानपण म्हणजे चिंता नसलेले दिवस, असे आपण सहज म्हणतो. माझे लहानपण तसे नव्हते. घरात पाणी नव्हते आणि हे आम्हा मुलांना पक्के ठाऊक होते. तरीही आम्ही खेळत होतो. पाणी आल्यावर खेळू, असे आमच्यापैकी कुणी म्हणाले नाही. ‘काम संपल्यावर’ ही अट मोठेपणी मी स्वतःवर घातली. मुलावर घातली, वर्गावरही घातली. आणि काम तर संपतच नाही.

हजरत मुहम्मद (स.) एकदा नमाज पढवत असताना त्यांचा नातू पाठीवर चढून बसला, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांनी सजदा लांबवला. लोकांनी नंतर कारण विचारले, तेव्हा मुलाचे मन भरण्याआधी घाई करणे आपल्याला आवडले नाही, असे त्यांनी सांगितले. हा प्रसंग मी मुलांना कितीदा शिकवला आहे. इबादतीतही ज्यांनी मुलाला ‘नंतर’ म्हटले नाही, त्यांची मी उम्मती. मी मात्र पोर्टलसाठी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावले, गजगे परत दिले आणि वर्गासमोर ओरडल्याबद्दल माफी मागितली. ती घाबरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘टीचर, आपको आते?’’ मी व्हरांड्यात फरशीवर बसले. भोवती पोरी जमल्या. चारला माझा हात पुन्हा चुकला आणि सगळ्या आनंदाने ओरडल्या.

गजगे खेळून टीईटी सुटत नाही, की माहिती आपोआप भरली जात नाही. शिक्षकावरचा अशैक्षणिक कामांचा बोजा कमी व्हायलाच हवा आणि ते मागणे आपण सोडता कामा नये. पण ते पाणी येईल तेव्हा येईल. तोवर गणिताच्या तासाची शेवटची पाच मिनिटे मी कोड्यांसाठी ठेवली आहेत. घरी आल्यावर पुस्तक उघडण्याआधी मुलाजवळ बसते. पहिले काही दिवस तो दुरूनच बघायचा. परवा त्याने होडी आणली आणि म्हणाला, ‘‘अम्मी, अभी देखोगे कि बाद में?’’

मी म्हणाले, ‘‘अभी.’’