सहा वर्षांच्या आधी

सांताक्रूझमधील एखाद्या व्यापारी कुटुंबात मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून दिवस ढकलले जातात. हाकेला ते वळते का, हे पाहायचे राहते. भावंडांच्या सोयरिकीची चिंता मात्र आधी लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या 6 व्या वर्षापासून आहे. भाषा रुजते ती त्याआधी. म्हणूनच दोन स्थानकांवर, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत 2021 साली सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र सुरू झाले. श्रवण, वाचा, हालचाल, आकलन यांची तपासणी व उपचार तेथे एकाच छताखाली होतात.

येणे वसूल करताना एका दिवसाची दिरंगाई न खपवणाऱ्या घराने मुलाची वर्षे का दवडावीत? लोकलाजेपायी केलेला विलंब हाही प्रमादच.